अनुत्तरित प्रश्नांचा मुक्काम

सर्वेक्षणातल्या ज्या सात प्रश्नांना मी वेळेत उत्तर दिलं नव्हतं, ते बुधवारी सकाळी आमच्या मिरजेच्या घरी राहायला आले.

चूक माझीच. व्यक्तिमत्त्व विकारावरच्या ज्या अभ्यासात मी नाव दिलंय, त्यात फोन दिवसातून सहा वेळा वाजतो आणि त्या क्षणी काय वाटतंय ते शून्य ते दहात नोंदवायचं असतं. मी माझ्या तान्ह्या ओवीला न्हाऊ घालत होते, झोपवत होते, किंवा काय वाटतंय तेच कळत नव्हतं. बहुतेक तेच. ऐंशी टक्के उत्तरं भरली नाहीत तर नाव कमी होतं आणि डॉक्टरांबरोबरचा गुरुवारचा तास जातो. त्या एका तासाच्या जोरावर मी उरलेला आठवडा आई असते.

"एवढे जण येणार, आधी कळवायचं तरी," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "चहात साखर किती?"

"शून्य ते दहात सांगायची का?" पहिल्या प्रश्नाने विचारलं.

मी अभ्यासाच्या मदतनीस समीना मुल्ला यांना फोन लावला.

"ताई, नियमात बसतं," त्या म्हणाल्या. "उत्तरं देऊन टाका. उत्तर मिळालं की प्रश्न थांबत नाही. फक्त 'बरी आहे' म्हणू नका, आकडा सांगा."

दुपारपर्यंत सहा गेले. राग चार, रिकामेपणा सात, असं प्रत्येकाने लिहून घेतलं आणि चपला घातल्या. ऐंशी टक्क्यांना आता एकच उत्तर कमी होतं.

सातवा ओवीचा पाळणा हलवत बसला होता. "आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल," त्याने हळू विचारलं, "अशी भीती आत्ता किती वाटते?"

उत्तर दिलं तर हा उठणार, नाही दिलं तर गुरुवार जाणार. तो मात्र घाई करत नव्हता. माझ्या उत्तराची इतका वेळ कोणी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

साडेचारला मी म्हटलं, "दहा."

त्याने लिहून घेतलं. "जातो मग."

"जातो काय म्हणतोस," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "येतो म्हणावं."

त्याने तेही लिहून घेतलं. "येतो," तो म्हणाला.

गुरुवारी तास संपवून मी घरी आले, तेव्हा तो आला होता. नोंदच तशी असल्याने त्याला यावं लागलं. सासूबाईंनी चार पोळ्यांची कणीक जास्त भिजवली होती.