रजईतली गाडी

यंत्राचं दुखणं मला आवाजावरून कळतं. कापडाच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली. कुठलं मशीन खरंच आजारी आणि कुठलं नुसतं सोंग करतंय, हे मी हातातला चहा न ठेवता सांगायचो. त्यामुळे थंडी पडली आणि आमची जुनी गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुर करू लागली, तेव्हा मेकॅनिकला बोलवायचं मनातही आलं नाही. शिवाय बायको गेल्यापासून माझ्यावर कुरकुर करणारं दुसरं उरलं होतं कोण?

किल्ली फिरवली की ती 'कर्र, कर्र' करायची आणि 'टक्' म्हणून मान टाकायची. मी निदान केलं: प्लग. काढले, घासले, गॅसवर शेकले. स्वयंपाकघरात असा वास सुटला की चहासुद्धा पेट्रोलपंपावरून भरून आणल्यासारखा लागायचा. गाडी जैसे थे. मग ठरवलं, ऑइल घट्ट झालंय. नवं ओतलं. त्यातलं निम्मं माझ्या स्वेटरला मिळालं. शेवटी म्हटलं, बिचारी गारठते आहे. घरातली डबल रजई बॉनेटवर घातली. नाहीतरी तिच्यात मी एकटा हरवूनच जायचो. सकाळी बॅटरीशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवायची, आणि "ऊठ गं बाई, उजाडलं, किती झोपशील," असं गोंजारत किल्ली फिरवायची.

शेजारी एक निवृत्त नर्स राहतात. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. आमच्यामधली भिंत उंच, त्यामुळे त्यांना माझं डोकं, रजईचं टोक आणि ते गोंजारणं एवढंच कळायचं. त्यांनी माझ्या मुलीला फोन केला. तुमचे बाबा रोज अंगणात कुणातरी बाईला पांघरूण घालतात आणि गरम पाण्याची पिशवी देऊन उठवतात, म्हणाल्या.

मुलगी पहिल्या गाडीने आली. मी खूश! तिने बॅग ठेवली, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, सकाळी कुणाला उठवता?

"तिलाच," मी म्हणालो. "पण थंडीत ती काही केल्या उठत नाही. सगळे उपाय करून थकलो."

मुलगी घळाघळा रडायला लागली. उठून माझे कपडे बॅगेत भरू लागली. मला वाटलं, हिचा नवऱ्याशी बेबनाव झाला की काय. पण मग माझे कपडे कशाला?

"बाबा," ती म्हणाली, "आई नाहीये आता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला बाहेर नेलं आणि रजई ओढली. ती रडता रडता हसली, पण बॅग रिकामी करायला तयार होईना. एकटं राहून माणसाचं असंच होतं, आता माझ्याकडे चला, म्हणाली. मी म्हटलं, गाडी चालू करून दाखवतो, मग ठरव माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही. किल्ली फिरवली. कर्र, कर्र, टक्.

भिंतीवरून डोकावणाऱ्या सिस्टरना आपण काय घोटाळा केला ते एव्हाना कळलं होतं. ओशाळून त्यांनी आपली गाडी आणली, जंपर केबलने दोन्ही बॅटऱ्या जोडल्या. आमची गाडी गरजली आणि तिच्याबरोबर रेडिओही, पूर्ण आवाजात.

मुलीने तो बंद केला. मग तिने आत पाहिलं. मागे रेललेली सीट, उशी, चहाचा रिकामा कप.

"बाबा, तुम्ही रोज इथे बसता?"

"संध्याकाळी. थोडा वेळ."

सिस्टर म्हणाल्या, थोडा कसला, सगळ्या बातम्या आणि नंतरची गाणीसुद्धा मला ऐकू येतात. मी समजायची रेडिओ घरात लावलाय.

बॅटरी का उतरत होती, ते आता माझ्यासारख्या तज्ज्ञालाही कळलं. रेडिओ घरातही होता. पण घरात एकटा बसलेला माणूस एकटाच बसलेला दिसतो. गाडीत बसला की वाटतं, कुठेतरी निघालाय. मुलीला मात्र मी एवढंच म्हणालो, की गाडीत आवाज चांगला येतो. आत जाऊन तिने माझे कपडे पुन्हा कपाटात लावले.

काही दिवस राहून ती परत निघाली. मी ऐटीत तिला स्टेशनवर सोडायला नेलं. बॅटरी अजून नाजूक आहे, इंजिन बंद करू नका, इथूनच निरोप घेऊ, असं तिने बजावलं आणि बॅग उचलून ती चालू लागली. पाठमोरी ती अगदी आईसारखी चालते. मी इंजिन बंद केलं आणि तिच्यामागे धावलो.

आगगाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. आम्ही हवापाण्याच्याच गप्पा मारल्या. परत आलो. कर्र, कर्र, टक्.

चहाडी केल्याबद्दल मी सिस्टरशी मनातल्या मनात अबोला धरला होता. तो सोडून त्यांना फोन करावा लागला. त्या केबल घेऊन आल्या, गाडी चालू करून दिली आणि म्हणाल्या, "फिटरसाहेब, आता लगेच निघू नका. थोडी चार्ज होऊ द्या. मी थांबते."

मी म्हटलं, मला तरी कुठे घाई आहे.