पोराकडचा एजंट

पौर्णिमानं पहाटे अंगणात स्कूटी काढली आणि भावाला हाक मारली, तर दारात प्रसेनजितऐवजी धम्मपालमामा उभे. गळ्यात टॉवेल, तोंडात दातण आणि चेहऱ्यावर घर विकत घेतल्याचा भाव.

"आज पळणं-बिळणं काई नाई. पोरगं झोपलं हाय, झोपू दे."

"काहून? बरं नाई का त्याले?"

"बरं हाय म्हणूनच! क्लबवाले पाह्यले येईपर्यंत त्याले उन्हात काढायचं नाई. काळा पडते."

पौर्णिमा आसेगावच्या दवाखान्यात नर्स. ड्युटीआधी रोज ती स्कूटी पुढं दामटायची आणि प्रसेनजितला मागून पळवायची. पोरगा पायात चेंडू आला की कुणाच्या बापाला ऐकत नसे. त्याच्या खेळाचा व्हिडिओ तिनंच काढून नागपूरच्या एका क्लबला पाठवला होता. क्लबच्या ऋषिकेश सरांचा फोन आला, 'अठरा वर्षांखालच्या संघात एक जागा आहे, मुलाला घेऊन या.' पुढच्या वर्षी प्रसेनजित अठराचा होणार, म्हणजे ही एकच संधी. घरात आनंदीआनंद झाला, आणि नेमका तो आनंद मामांच्या कानावर गेला.

मामांचा धंदा सोयरिकी जुळवण्याचा. आसेगाव ते अनसिंग एकही उपवर पोरगा त्यांच्या तावडीतून सुटलेला नव्हता. मध्यंतरी मोबाइलवर त्यांनी फुटबॉलच्या कुण्या परदेशी एजंटाचा बंगला पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी घरावरची पाटी अर्धी पुसून नवी रंगवली. वरच्या अंगाला 'धम्मपाल स्पोर्ट्स एजन्सी, खेळाडू घडवून मिळतील'. खाली जुनंच, 'विवाह जुळवून मिळतील'. आता खेळाडू कशाशी खातात हे या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसल्यामुळं मामांचं कधी काही अडलंय का!

पहिला पराक्रम म्हणजे त्यांनी क्लबला फोन करून सांगितलं, "आमी येत नसतो. पोरगा पाह्यचा असन त आसेगावले या."

पौर्णिमानं भरत आणलेला डबा बाजूला ठेवला. "मामा! अवो, क्लब हाय तो. तो बोलावते, आपण जातो."

"तुले काय समजते? अवं, पोराची बाजू आपली! पोराकडचे कधी दारोदार चपला झिजवत हिंडतेत का? गरज तेयले हाय, येतीन." वर सरांना असंही सांगून टाकलं की पुण्याचे लोक पाहून गेले, कलकत्त्याचे निघालेत. सर घाबरले आणि चक्क येतो म्हणाले. मग काय विचारता, मामांची मान आणखी ताठ झाली.

त्यानंतर खेळाडू घडवणं सुरू झालं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी केळी-दूध, रात्री पुन्हा शिरा. तोंडाला मलई. स्टुडिओत नेऊन मामांच्याच ब्लेझरमध्ये फोटो. चेंडू कपाटात कुलूपबंद, कारण 'ऐन टायमाले तंगडी मोडली त सोयरीक मोडते'. पौर्णिमा रोज भांडायची. आई, रत्नमाला, चुलीपाशी गप्प. मामा तिचा पाठचा, लाडका भाऊ, त्याला काय बोलणार? आणि प्रसेनजित? त्या लेकाला शिरा गोड लागू लागला होता. पहाटे उठवायला गेलं की म्हणायचा, "ताई, मामा म्हंतेत त ऐकून घे न." पौर्णिमाला वाटायचं, याला शिऱ्यासकट विहिरीत ढकलावं.

ठरल्या दिवशी ऋषिकेश सर रस्त्यातले खड्डे मोजत, कंबर धरून गाडीतून उतरले. ओसरीत शेजारच्यांचा सोफा मांडलेला. समोर खुर्चीत ब्लेझर घालून, मान खाली घालून प्रसेनजित. ब्लेझरची बटणं आता लागत नव्हती.

"घ्या, पोहे घ्या. विचारा, काय विचारायचं ते," मामा म्हणाले.

"चेंडू कुठाय?"

"ते होईनच. आधी घर पाहा. बोअरले बारमाही पाणी हाय. पोराले सुपारीचंबी व्यसन नाई. अन् आवाज? जन्मात कधी वर केला नाई पोरानं!"

"मैदानावर ओरडून पास मागत नाही?" सरांनी घास थांबवला.

"छे छे! एकदम शांत!"

पौर्णिमानं कपाळावर हात मारला. चेंडूचं कुलूप तिनंच उघडलं आणि सगळ्यांना शाळेच्या मैदानात नेलं. प्रसेनजित पळाला. म्हणजे निघाला पळायला. मामांनी घेतलेले नवे बूट चावत होते, श्वास कोंडत होता. दुसऱ्या धावेला तो गोलपोस्टला धरून वाकला आणि सकाळचा शिरा सगळ्यांच्या देखत बाहेर आला.

सरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. "व्हिडिओतला मुलगा हा नाही. एक दाखवायचा आणि दुसरा द्यायचा, असा प्रकार आहे का?"

"आमी असे धंदे करत नसतो!" मामा गरजले, आणि लगेच गप्प झाले. तसं एकदा जऊळक्याच्या एका सोयरिकीत झालं होतं, ते त्यांना आठवलं असावं.

प्रसेनजित तिथंच मातीत बसून हुंदके देऊ लागला. पौर्णिमाचा मात्र संताप मस्तकात गेला. "झालं समाधान, मामा? पोराची वाट लावली तुमी! खेळाडू नाई घडवला, बोकड पोसला!"

सर गाडीकडं निघाले. दार उघडलं, थांबले, आणि परत वळले. पौर्णिमाचा जीव आशेनं वर आला. पण सर तिच्या शेजारून पुढं जाऊन मामांपुढं उभे राहिले.

"इतक्या वर्षांत एका पोरासाठी मी कधी नागपूर सोडलं नाही. तुम्ही मला नुसत्या फोनवर इथवर आणलंत. क्लबसाठी मुलं गोळा करायला मला असाच माणूस पाहिजे. येता?"

आणि हा माणूस गेला हो! ज्या पोराला घडवायला आला होता, त्याच्या अंगातला ब्लेझर काढून घेतला, अंगात घातला आणि त्याच गाडीत बसून गेला. निवड झाली ती एजंटाची.

दुसऱ्या दिवशी पहाटे पौर्णिमानं स्कूटी काढली. हाक मारायच्या आत प्रसेनजित जुने बूट बांधून दारात उभा होता, मान खाली घालून. तिनं गाडी जरा जास्तच जोरात सोडली. शिरा उतरायला दिवस लागले. पण उतरला. आसेगावच्या मैदानावर पुन्हा 'इकडं दे, इकडं!' अशी बोंब ऐकू येऊ लागली, आणि पौर्णिमानं नवा व्हिडिओ सरांना पाठवला.

तिकडं मामांनी गोरी, सालस, निर्व्यसनी पोरं क्लबात भरली होती. संघ ओळीनं हरत होता. एक दिवस मामांचा फोन आला, आवाज पार उतरलेला. "पौर्णिमा, सरांनी व्हिडिओ पाह्यला. जागा अजून रिकामी हाय. पोराले घेऊन ये वं नागपूरले. नाई त मले घरी पाठवतेत."

भावाची संधी आपल्या हातात अडकलीय हे तिला दिसत होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "आपण काहून जायचं, मामा? पोराची बाजू आपली. गरज तुमाले हाय, तुमी या."

मामा आले. करारही घेऊन आले. या वेळी सोफा नव्हता. भर उन्हात मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी प्रसेनजितचे गोल पाहिले आणि घाम पुसत पौर्णिमाच्या प्रश्नांची उत्तरं दिली. पोरगा राहणार कुठं? खाणार काय? गुडघा गेला तर इलाज कोण करणार? बारावीची परीक्षा आली की सुटी देणार का? एकेक गोष्ट सरांना फोन करून विचारावी लागली, आणि एकेक कबूल होऊन करारात चढली. मग प्रसेनजितनं सही केली, आईनं केली.

मामांनी घसा खाकरला. "एक राह्यलं. खेळाडूचा एजंट म्हणून नाव लिवा लागते. आता घरचंच माणूस म्हटल्यावर..."

इतके दिवस मुकी राहिलेली रत्नमाला पदर खोचून पुढं आली.

"पौर्णिमाचं लिही. क्लबात गेला तवाच तू पोरीकडला झाला, भाऊ."