आधी फोटो, मंग दाढ

आमच्या गल्लीत कुणाची दाढ दुखायला लागली, तर सुखदेवकाकाजींना पत्ता लागू द्यायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक आहे. कारण पत्ता लागला की ते दुकान उघडं टाकून तुमच्या दारात येतात आणि दाढेपेक्षा जास्त ठणका लावतात.

काकाजींचं नेरच्या बसस्टँडजवळ सायकल-पंक्चरचं दुकान आहे. दातांशी त्यांच्या धंद्याचा काही संबंध नाही. पण तोंडात बोट घालून "ही दुखते, ही काढा" म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना भयंकर राग येतो.

"तुले काय समजते बे कोनती दुखते? माही जिनगानी गेली ट्युबा पाहण्यात, तरी पाण्यात टाकल्याबिगर मले पंक्चर सापडत नाही. अन् तू निरा बोट लावून सांगतं? आधी फोटो, मंग दाढ!"

फोटो म्हणजे दाताचा एक्स-रे. हे सगळं ते दात-ओठ खाऊन बोलतात. व्हॉल्व्हमधून हवा सुटावी तसे शब्द दातांच्या फटीतून फसफसत बाहेर येतात. साधं "चहा पेतं का?" म्हणाले तरी समोरचा दचकतो. लहान पोरं त्यांच्या दुकानावरून जाताना पळतात. खरं सांगायचं तर मीही पळायचे.

बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पकड घेऊन बसणाऱ्या दात काढणाऱ्याची छत्री त्यांनी एकदा उचलून नालीत फेकली होती. "आंधळ्या, आत काय हाय ते पाह्यलं का तू?" शेजारच्या पानठेल्याशी तर रोजचं भांडण. एखादा पोरगा खर्रा घोटत दुकानासमोर उभा राहिला, की काकाजी त्याच्या हातातली पन्नी हिसकतात आणि सुपारी-तंबाखूसकट पंक्चरच्या घमेल्यात बुडवतात.

"काकाजी, मी हवा भराले आलतो ना! खर्रा कायले बुडोला?"

"तुह्या बापाले सांग, मी बुडोला म्हनून. अन् त्यालेबी पाठव, त्याचाबी बुडोतो!"

कधीकधी त्यांचा नेम चुकतो. आमच्या रुखमाआजीला एकही दात नाही. तिच्या हिरड्या दुखायला लागल्या, तर तिलाही ऑटोत घालून ते दातांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "काकाजी, कवळी टोचतेय हो त्यांना. फोटो गरज असेल तेव्हाच काढायचा असतो."

"मंग कवळीचा काढा!" काकाजी म्हणाले.

यंदाच्या हिवाळ्यात माझी पाळी आली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच. रोज सकाळच्या बसने यवतमाळला जाते. परीक्षा जवळ आलेली आणि उजवीकडची खालची दाढ अशी ठणकत होती की पुस्तकातल्या ओळी हलायच्या. बाबा म्हणाले, "उपटून टाक, खेळ खतम." मलाही ते पटलं होतं. इतक्यात दारात काकाजी.

"सोयाबीनमधलं तन हाय काय, उपटाले?" ते बाबांवर फसफसले. "पोट्टी शिकून राह्यली, अन् बाप असा बयताड!"

काकाजींनी मला मॅडमच्या खुर्चीत नेऊन बसवलंच. मॅडमनी काड्यापेटीपेक्षा लहान अशी एक चपटी चकती माझ्या तोंडात, दाढेमागे धरली. गालाशी यंत्र आणलं. क्षणात माझे दात पडद्यावर. मी दाखवलेली खालची दाढ धडधाकट होती. कीड वरच्या दाढेला होती, शेजारच्या दाताला चिकटलेल्या बाजूने, जिथे आरशातूनही नजर पोचत नाही. पांढऱ्या दाढेत काळा खड्डा.

"असं होतं कधीकधी," मॅडम म्हणाल्या. "दुखतं वर आणि जाणवतं खाली. खालची काढली असती तर चांगली दाढ गेली असती आणि दुखणं तसंच राहिलं असतं. वरचीही काढायची नाही. उपचार करून वाचवू."

"पाह्यलं?" काकाजी पडद्यापुढे नाचायचेच बाकी होते. "बुडबुडे वरच्या ट्युबातून निंगून राह्यले, अन् बाप खालची फाडाले निंगाला!"

मॅडम हसल्या. "काकाजी, तुम्ही अख्खी गल्ली आणलीत. आज तुमचे दात बघू द्या."

"माह्ये टनटन हायेत."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

बाकावरचे पेशंट बघत होते. काकाजींना माघार घेता येईना. ते खुर्चीत बसले.

"आ करा."

त्यांनी केला. मॅडम थांबल्या. "अजून मोठा."

"एवढाच व्हते."

मॅडमनी तीन बोटं जुळवून त्यांच्या दातांपुढे धरली. मग दोन. मग एकच. माझ्या तोंडात सहज मावलेली ती चकती त्यांच्या दातांतून आत जाईना.

तेव्हा मला कळलं. काकाजी दात-ओठ खात नव्हतेच. त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

"खर्रा?" मॅडमनी विचारलं.

"सोडला. तोंड मिटलं, तवा सोडला."

"तिखट झोंबतं?"

"पानीबी झोंबते."

मॅडमनी बारीक बॅटरी मारून गालाच्या आत बराच वेळ पाहिलं. "आत पांढरा चट्टा आहे. हे फोटोत दिसत नसतं, काकाजी. फोटो हाड दाखवतो, चामडी नाही. याचा तुकडा काढून तपासावा लागेल. कॅन्सर आहे की नाही, ते त्यातूनच कळेल. सोमवारी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जा. बरोबर कुणाला तरी घ्या."

"मी कुठी जात नाही!" काकाजी खुर्चीतून उठले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

घरी येताना मला इतका राग आला होता की दाढेचं भान राहिलं नाही. माझ्या जुन्या शाळेच्या फाटकासमोर पानठेला आहे, तिथे पोरं खर्रा घोटत होती. कुणी त्यांना अडवत नव्हतं. अडवणारा एकच माणूस, त्याला आम्ही सगळ्यांनी खडूस ठरवलेलं. ते कुणाच्या लग्नाच्या पंगतीला बसत नाहीत, तर आम्ही म्हणायचो, मोठा शिष्ट. काकू वारल्या, मुलगी लग्न होऊन केळापूरला गेली. हा माणूस दार लावून, वरणात भाकर कालवून तिचं पाणी करून गिळत असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

सोमवारी नेहमीच्या बसमध्ये चढले, तर आत भांडण पेटलेलं. काकाजी दोघांच्या सीटवर कडेला बसले होते. खिडकीजवळच्या जागेवर त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा पसरलेला, आणि एक जाडजूड गृहस्थ त्यावर बसायच्या बेतात.

"दुपट्टा दिसत नाही काय? मानूस येऊन राह्यला!"

"कोन येऊन राह्यला? कवाचं तेच सांगता!"

काकाजींची नजर माझ्यावर पडली. मी सोबत येते असं त्यांना म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही मला काही विचारलं नव्हतं.

"काय झाडासारखी उभी राह्यली? बस ना!"

मी खिडकीशी बसले. कंडक्टर आला. "मोठा दवाखाना," काकाजी इतक्या हळू म्हणाले की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"मी येते तुमच्यासंग," मी म्हटलं.

मग ते भडकले. "कॉलेज बुडोतं? बापानं याच्यासाठी शिकवलं काय तुले? चूपचाप उतर कॉलेजपाशी. उतरलीच पाह्यजे!" यवतमाळ येईपर्यंत त्यांची फसफस चालूच होती. पुढच्या सीटवरच्या बाईने दोनदा वळून माझ्याकडे दयेने पाहिलं.

कॉलेजचा थांबा आला. काकाजींनी दोन्ही गुडघे समोरच्या सीटला घट्ट टेकवून धरले होते. मला उतरायचं असतं, तरी वाट नव्हती.