कुंडलिकची गारेगार जीप

"खालून हवा अशी सटकेल ना मामा, की गाडी चालतेय का तरंगतेय ते तुमाला कळायचं पण नाय!" असं कुंडलिक छातीठोकपणे म्हणाला. साल दोन हजार एक. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, आणि कुंडलिकचं लग्न लागोपाठ तिसऱ्या वर्षी पुढं ढकललं जायच्या बेतात होतं.

शहापुरात हायवेलगत कुंडलिकचं गॅरेज होतं. भंगारातली एक जीप आणून त्याने तिचं पार रूप पालटलं होतं. रुंद टायर, ठेंगणं टप, पुढं चार दिवे! आणि आता शेवटची हौस म्हणजे परदेशी गाडीसारखं तिचं पोट खालून सबंध पत्र्याने बंद करायचं. अशा गाडीचं चित्र त्याने एका गिऱ्हाइकाच्या मासिकात पाहिलं होतं. चित्रात पत्रा दिसत होता, पत्र्याच्या आत काय असतं ते दिसत नव्हतं. पण तेवढ्याने अडेल तो कुंडलिक कसला!

पत्रा बसला आणि सायलेन्सरचा पाइप बिचारा पत्रा आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये कोंडला. पहिल्याच चकरेत तळ तापला. दुसऱ्या कुणी पत्र्याला चार झरोके पाडून गरम हवेला वाट करून दिली असती. कुंडलिकने मात्र विचार केला. आणि त्याने विचार केला की पुढं काहीतरी व्हायचंच!

"पेंढ्याने शाकारलेलं घर उन्हाळ्यात गार राहतं का नाय? राहतं! मग गाडीने काय घोडं मारलंय?"

झालं! पाइपाभोवती आधी शेणमातीचा लेप, त्यावर पेंढा, त्यावर गोणपाट, पुन्हा शेणमाती, आणि खालून पत्रा आवळून टाकला. आसनगाव स्टेशनापर्यंत एक फेरी मारली. तळाला हात लावून पाहिला तर गारेगार! लेप अजून ओला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

हा सगळा खटाटोप बारकूमामांसाठी होता. त्यांच्या मुलीशी, दर्शनाशी, कुंडलिकची सुपारी फुटून दोन वर्षं होऊन गेली होती. तारखेचं नाव काढलं की मामांना कधी कौलं बदलायची असायची, कधी कुणी तरी आजारी असायचं. यंदा ते नुसतं "बगू" म्हणाले होते. मुरबाडच्या पुढं म्हसा गावी मामांच्या बहिणीच्या, गोजरआत्याच्या घरी बारसं होतं. तिथं सगळ्यांना जीपने न्यायचं, मामांना खूश करायचं आणि वाटेत तारीख पदरात पाडून घ्यायची, असा कुंडलिकचा डाव होता.

मामा पुढं बसले. बसताच सवयीने चपला काढून त्यांनी अनवाणी पाय तळावर ठेवले. मागच्या सीटवर बाईजामामी आणि दर्शना पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या. कुंडलिकच्या पायात जाड बूट होते.

किन्हवली मागं पडली तसा वास आला.

"कुणी तरी राब भाजतंय गो," मामी म्हणाल्या.

यात नवल काहीच नव्हतं. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, पाला, पेंढा पसरून ती भाजायची, तो राब. चैत्रात या भागात वास येतो तो राबाचाच. मामांनी तर नाक वर करून तो वास जाणकारासारखा ओढून घेतला.

"राब झकास लावलाय. शेण एकदम सुकं हाय."

पुढच्या गावात तोच वास. त्याच्या पुढच्या गावातही तोच!

"सगळ्या तालुक्याने आजच भाजायला काढला का काय?" दर्शना म्हणाली.

"मुहूर्त असल!" कुंडलिकने गाडी रेमटवली.

सरळगाव आलं आणि मामा एकाएकी चुळबुळायला लागले. तळपाय भाजत होते! मागच्याच महिन्यात डॉक्टरने विचारलं होतं, "तळपायाची आग होते का? होत असेल तर साखर तपासू." सुईच्या भीतीने मामा "नाय" म्हणून पळून आले होते. आता त्यांनी हळूच मागं पाहिलं. दोघी निवांत होत्या. मग त्यांनी खालच्या आवाजात कुंडलिकला विचारलं,

"तुझे पाय भाजतात का रे?"

मामा गाडीची परीक्षा बघतायत, असं कुंडलिकला वाटलं.

"छ्या! एकदम गारेगार, मामा!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे हे फक्त आपल्यालाच होतंय! अर्धा मैल ते बोटांवर महिने मोजत राहिले. मग एकदम म्हणाले,

"कुंडलिक, याच वैशाखात लगीन उरकून टाकू."

कुंडलिकच्या हातून जीप ओहोळात जाता जाता वाचली!

"पत्र्याची कमाल बगितलीत ना मामा?"

"कसला पत्रा रे! पोरगी माझ्या डोळ्यांदेखत मार्गी लागू दे. बैलजोडी बाईजाला ठेवा. ओहोळाकडचं शेत..."

"अवो, असं काय बोलताव?" मामींनी मागून हंबरडाच फोडला.

"साखर झालीय मला! पायांची नुसती लाही होतेय!"

कुंडलिकला काही उमजेना. हसावं तर सासरा मरायला टेकलेला, रडावं तर लग्न ठरलेलं! अशा वेळी चेहरा कसा ठेवतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यात आता डोळ्यांत धूर जायला लागला.

"थांबव गाडी!" मामा कडाडले. रस्त्याकडेच्या शेतात एक म्हातारा बांध घालत होता. मामांनी चपला पायांत सरकवल्या आणि खाली उतरून सगळा राग त्याच्यावर काढला. "ए बाबा! भर दुपारी वाऱ्यात राब भाजतोस? लोकांनी मरायचं काय?"

म्हाताऱ्याचं नाव जैतू. त्याने कुदळ खाली ठेवली.

"माजा राब परवाच भाजून झाला. धूर तर तुमच्याच गाडीतून येतोय!"

सगळे वळले. जीपच्या पोटातून निळा धूर सावकाश, घरच्यासारखा निघत होता. जैतू गुडघे टेकून खाली वाकला. पत्र्याच्या फटीत त्याने काठी घातली, तसा जळका ऐवज भसाभसा खाली पडला.

"शेण. पेंढा. गोणपाट. वर माती," जैतूने मोजलं. "आरं, हा राबच हाय! आणि थर बी बरोबर लावलेत!"

मामाही साखर विसरून वाकले. "पेंढा जरा जास्ती झाला," ते म्हणाले.

जैतूच्या विहिरीवरून कळशा आणून सगळ्यांनी जीप विझवली. मग मामा आंब्याखाली बसले आणि त्यांना आपलं मरण पुन्हा आठवलं.

"गाडीचं काय, ती होईल नीट. माजं आता खरं नाय. म्हशाला पोचलो की भटजीकडून तारीख काढून घेऊ. वैशाखातली पयलीच!"

मामी पदर डोळ्यांना लावून मुसमुसत होत्या. मामांच्या पाठीमागं उभी राहून दर्शना कुंडलिककडे बघून जोरजोरात मान हलवत होती. नाय, नाय, नाय! कुंडलिक आणखीनच गोंधळला. हिला लग्नच नको की काय? तिने ओठांवर बोट ठेवलं. हे कशाबद्दल? एवढ्यात मामींचा हुंदका आला आणि कुंडलिकला राहवलं नाही.

"मामा, साखरबिखर काय नाय तुमाला! तुमचे अनवाणी पाय नेमके सायलेन्सरच्या डोक्यावर व्हते! खाली राब पेटलेला, वर तुमी! हे बगा!"

त्याने मामांना जीपकडे ओढलं, अजून तापलेल्या तळावर हात टेकला आणि "आई गं!" करून ओरडला. मामांनी हात टेकला. तेही ओरडले, पण आनंदाने!

"म्हंजे मी ठणठणीत?"

"ठणठणीत!"

मामांनी त्याला कडकडून मिठी मारली. मामींचे डोळे पुन्हा वाहू लागले, या खेपेला हसता हसता. कुंडलिकचाही ऊर भरून आला. आता मामा आपल्याला काय नाही देणार!

"मग वैशाखाची घाई कशाला रे?" मामा चपला झटकत म्हणाले. "मी कुठं चाललोय? दिवाळी होऊ दे, मग सावकाश बगू!"

आणि ते जैतूबरोबर त्याचा राब बघायला निघून गेले.

कुंडलिक रिकामी कळशी धरून उभाच राहिला. दर्शना त्याच्या शेजारी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"मुंडी हलवून मान दुखायला लागली माजी! भटजीकडं जाईपर्यंत राहिली असती बाबांना साखर, तर तुमचं काय बिघडलं असतं?"