कुलपातली कुंभारीण

रंगनाथनाना आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी पायाकडे बघतात. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात गेले तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि ओठांवर पाठ केलेलं वाक्य. ते सुरू व्हायच्या आतच नाना ओरडले, "उचल!"

"काय उचलू?"

"डावा पाय. वाटंत हुबी हायेस पोरी. मागं शंभर जनी खोळंबल्यात."

खाली बघितलं तर मुंग्यांची रांग माझ्या चपलेपाशी येऊन अडली होती. प्रत्येकीच्या तोंडात बाजरीचा कण. मी पाय उचलला, पण टेकायचा कुठे ते कळेना. मग एका पायावर उभी राहून मी ऊसतोड कामगारांचे हक्क सांगितले. नानांनी सगळं मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाले, "ब्येस बोललीस. आता हा टेकव, उजवा उचल. बाकीचं सांग."

नानांचं गाव खर्ड्याच्या पुढे, कोरड्या माळावर. दिवाळी झाली की इथली कर्ती माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लांबच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. घरांना कुलपं लागतात, मागे म्हातारी माणसं उरतात. मला याची चीड येते आणि ती कधी जाऊ नये असंच वाटतं. आपला चहा गोड व्हावा म्हणून अख्खं गाव मुळासकट उपटून नेतात, आणि आपण चमचा फिरवत बसतो.

पण हेही कबूल करते की त्या रिकाम्या गावातली दुपार मला कायम स्वप्नातली वाटत आली. माणसाचा आवाज नाही. लिंबाच्या मोहराभोवती माश्यांची गुणगुण, भिंतीवरून सरकणारं ऊन, बंद दारांपुढे साचलेली पानं. या शांततेत नाना उकिडवे बसून जमिनीकडे टक लावून असत. जवळ जाऊन बसलं की थोड्या वेळाने आपल्यालाही दिसू लागे, की गाव रिकामं नाहीच. अंगणभर कामं चालली आहेत, ओझी चालली आहेत, कुणीतरी कुणालातरी वाटेत थांबवून काहीबाही विचारतं आहे.

नानांची पाठ मोळ्या वाहून वाहून गेली, म्हणून ते गावात राहत. त्यांच्या पत्नी कौसाबाई मात्र दर वर्षी जात. ऊस तोडायला नाही, मुलाची, दत्ताची, दोन लेकरं सांभाळायला. उसाच्या पाचटाच्या झोपडीत पाच-सहा महिने काढून उन्हाळ्यात परत येत. जाताना दाराला जुनं पितळी कुलूप घालून किल्ली नानांकडे देत. नाना ती करदोट्याला बांधत आणि त्या येईपर्यंत पडवीतच राहत. तीन दगडांची चूल, एक वाकळ, एक रांजण.

"नाना, किल्ली आहे ना? मग घर का उघडत नाही?"

"तिचं घर हाय. ती न्हाई तर आत काय हाय? नुसती भांडी."

मग लगेच म्हणत, "त्ये जाऊ दे. शेनकिडा बघ. लई शिकन्यासारखा हाय."

नानांना प्रत्येक किडा शिकण्यासारखा असे. शेणकिडा का, तर तो खाली डोकं, वर पाय करून आपल्यापेक्षा मोठा गोळा ढकलतो. "कुठं चाललोय त्ये दिसत न्हाई, तरी पोचतो. आपल्याला सगळं दिसतं, तरी आपन तिथंच." डास का, तर "जेवताना गानं म्हनू नये, थप्पड बसती, येवढं त्याच्याकडनं शिकावं." एकदा कोळ्याचं कौतुक चाललं असताना मी म्हणाले, "नाना, कोळ्याला आठ पाय असतात. तो कीटकांत मोडत नाही."

नाना दुखावले. "दोन पाय जास्ती हायेत म्हनून त्याला पंगतीतनं उठवू काय?"

मी त्यांच्या पडवीत ठेवलेला पत्रकांचा एक गठ्ठा वाळवीने खाल्ला. नानांनी उरलेला चुरा मोठ्या आदराने माझ्यापुढे धरला. "तुझं लिवनं शेवटपत्तुर कुनी वाचलं आसंल तर हिनंच." मी चिडले. मी म्हटलं, निदान मुंग्यांवरून तरी काही सांगा, कामगारांच्या एकीसाठी छापते. नाना रांगेकडे बघत म्हणाले, "छाप. पर आर्धं छापू नको. मुंगीत एकी आसती, त्ये खरंच. पर मुंगीत मुकादम नसतो, त्ये बी खाली लिव." मी ते खाली नाही, वर मथळ्यात छापलं. माझं तेवढं एकच पत्रक लोकांनी घडी करून खिशात ठेवलं.

यंदा मात्र नानांचं लक्ष उडालं होतं. दत्ताला कारखान्याच्या यार्डात कायमचं काम लागलं, राहायला खोली मिळाली. फोनवर तो म्हणाला, "आईला आता हिकडंच ठिवतो नाना. तिचं गुडघं गेलं. तुमी बी या."

"तिकडं समदं डांबर हाय," नाना म्हणाले. "मुंगीला बीळ कुठं?"

"नाना, तुमी मुंगी हाय का?"

यावर नानांनी फोन माझ्या हातात दिला, जसा काही तो प्रश्न मलाच विचारला होता.

"कौसाबाईंना सांगा ना, या म्हणून," मी नंतर म्हटलं.

"ती नातवंडात हाय. मी कोन बोलावनार?" एवढं बोलून ते रांजणाशी गेले आणि बाजूच्या मातीत अर्धा तांब्या पाणी ओतलं.

हे पाणी कुंभारणीसाठी होतं. कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची ती गांधीलमाशीसारखी माशी, जी चिखलाच्या गोळ्या नेऊन घर बांधते. ऊन वाढलं, माळ तापला, चिखल कुठे मिळेना, म्हणून नाना तिला रोज मळून देत. "तिनं घर बांधायचं आन मी चिखल बी देऊ नये?" माशी गोळी उचलून दाराच्या बाजूला नाहीशी होई, पुन्हा येई. नाना वेळेचा हिशेब नसल्यासारखे तासन्तास बघत बसत.

"बांधतेय कुठे पण?" मी एकदा विचारलं.

नानांनी मला गप्प केलं. "बाईमानसाचं घर चाललंय. वाकून काय बघायचं?"

नाना कुणाच्या घरात कधीच वाकून बघत नसत. म्हणून तर पुढचं घडलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी टेम्पो आला. मी तिथेच होते. कौसाबाई गुडघ्यावर हात देत उतरल्या. बरोबर सामान नव्हतं, नुसती पिशवी. टेम्पोवाल्याने इंजिनही बंद केलं नाही.

"दत्त्यानं धाडलंय," त्या रांजणाकडे बघत म्हणाल्या. "टरंक आन वाकळा घिऊन जाते."

"बरं," नाना म्हणाले.

एवढंच. सहा महिन्यांनी भेटलेली माणसं. मला ओरडावंसं वाटलं, दोघांवरही. नानांनी करदोट्याची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कुलपाला लावली. किल्ली जाईना. नाना पुढे झाले, डोळे बारीक करून बघितलं आणि मागे सरकले. कुलपाचं भोक चिखलाने गुळगुळीत लिंपलेलं होतं.

"कुंभारीन," ते म्हणाले.

"मग काडी घाला आन काढा की नाना," टेम्पोवाला खिडकीतून ओरडला. "माशीच हाय. मला करमाळा गाठायचाय."

मला, लाज वाटते पण सांगते, आनंद झाला. किड्याचं घर नाना मोडणार नाहीत, कुलूप उघडणार नाही, टेम्पो रिकामा जाईल. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "नाना, आत अळी असेल ना? मोडता येणार नाही ना?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. माझा डाव त्यांना कळला असावा. ते कुंपणापाशी गेले, बाभळीचा लांब काटा मोडून आणला आणि कुलपासमोर उभे राहिले.

"नाना!"

"किडा पुढं करून मानूस आडवायचं नसतं पोरी," ते म्हणाले, आणि काटा चिखलाला लावला.

कौसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आत काय हाय?"

"आंडं. न्हाईतर आळी. आन तिला खायाला चार हिरव्या आळ्या ठिवल्यात."

"आन आई?"

"दार लिंपलं की आई जाती. माघारी येत न्हाई."

कौसाबाई कुलपाकडे बघत राहिल्या. इंजिन धडधडत होतं. मग त्या टेम्पोवाल्याकडे वळल्या. "जा बाबा तू. दत्त्याला सांग, कुलूप उघडंना."

"आता? मग कवा येऊ?"

"आतलं लेकरू उठंल तवा."

"किती दिस?"

नाना आयुष्यात किड्यांबद्दल खोटं बोललेले नाहीत. "पंधरा दि—"

"पावसाळा उजाडंल म्हनावं," कौसाबाई म्हणाल्या.

"अगं, न्हाई, पंधराच—"

"तुमी गप बसा. किडं तुमाला कळत्यात, कुलपं मला."

टेम्पोवाला काहीतरी पुटपुटत निघून गेला. धूळ खाली बसली आणि दुपार पुन्हा पहिल्यासारखी झाली, लिंबाखाली गुणगुण, भिंतीवर ऊन. नाना काटा हातात धरून तसेच उभे. कौसाबाई पडवीत गेल्या, पिशवी खुंटीला अडकवली, तीन दगडांपुढे बसल्या. "ही काय चूल मांडलीया? समदा धूर तोंडावर येतोय," असं म्हणत त्यांनी एकेक दगड फिरवून आडोशाला घेतला आणि काटक्या मोडू लागल्या.

नाना हळूच त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. खऱ्याचं त्यांना ओझं झालं असावं.

"कौसे, पावसाळ्यापत्तुर न्हाई लागत गं तिला."

"मला लागतंय," कौसाबाई म्हणाल्या आणि चुलीत फुंकर घातली.