लिंबावरचा नाग

एक दिवस अख्ख्या ग्वाल्हेरात उत्तम टॅटू काढणारी म्हणून माझंच नाव घेतलं जाईल आणि आमच्या थाटीपुरच्या दारापुढे रांग लागेल, हे मी चिमीला केव्हाच सांगून ठेवलंय! चिमी माझी लेक. तिला नुकते दात येताहेत, त्यामुळे ती कुठे बोलणार नाही याची खात्री होती. बाकी घरात हे सांगायची सोय नव्हती.

माझ्या नवऱ्याला, राजवर्धनला माहीत होतं. पण त्याने पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "देख शिखा, तू शीक. पण आईसाहेबांनी विचारलं, तर मुझे कुछ नहीं पता!"

आईसाहेब म्हणजे माझ्या सासूबाई. मी 'ड्रॉइंगच्या क्लासला' जाते, एवढंच त्यांना ठाऊक. हा क्लास म्हणजे पाटणकर बाजारात बांगड्यांच्या दुकानावर असलेला हर्षिताताईंचा टॅटू स्टुडिओ. ताईंचा नियम कडक. "पहले फल पे, फिर नकली चमड़ी पे. और इंसान पे तब, जब मैं बोलूँ!"

म्हणून लिंबं. लिंबाची साल मोठी इमानदार. सुई जरा खोल गेली की रस उडतो आणि चूक तिथल्या तिथे डोळ्यांत जाते! चिमी झोपली की मी दार लावून घ्यायची, काळे हातमोजे चढवायची, मशीन सुरू करायची आणि लिंबांवर नाग, विंचू, कवट्या काढत सुटायची. गिऱ्हाइकांना हेच लागतं हो, मी तरी काय करू!

पण चिमीची झोप म्हणजे नळाचं पाणी. केव्हा जाईल नेम नाही! तिने ट्यँ केलं की हातातलं लिंबू दिसेल तिथे दडवायचं आणि धावायचं. एक गादीखाली. एक कूलरमागे. एक तांदळाच्या डब्यात. आणि मग तिला दूध पाजता पाजता, तिचं ते गरम डोकं कुशीत घेऊन बसलं, की जगातली सगळी लिंबं विसरायला होतं.

एका सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी आली. तांदळाच्या डब्यात लिंबू. सुयांनी टोचलेलं. वर काळा, फणा काढलेला नाग!

"हात लावू नकोस! पोरीला घेऊन मागे हो!" आईसाहेब ओरडल्या.

"आईसाहेब, ते ना..."

"नाव काढू नकोस! करणी आहे ही!"

त्यांनी आधी चिमीला माझ्याकडून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. आता या अवस्थेतल्या बाईला कोणती सून सांगेल, की आईसाहेब, फण्याचं शेडिंग बघा ना, किती छान जमलंय!

त्या दिवसापासून घरात संशयाचं राज्य सुरू झालं. पहिला नंबर दूधवाल्याचा. "तो हल्ली डोळ्याला डोळा भिडवत नाही." मग भांडीवाली. तेवढ्यात गादीखाली विंचू सापडला आणि संशय थेट दाल बाजारात गेला, आमच्या चुलत सासूबाईंवर, पद्माकाकींवर!

"बारशाला पद्मा चिमीकडे टक लावून बघत होती. वर 'किती गोड' म्हणाली. दोनदा!"

चिमीच्या गालांवर, कपाळावर, तळपायांवर इतक्या तिटा लागल्या, की पोर कलिंगडाच्या फोडीसारखी दिसू लागली. आईसाहेब तिला क्षणभर खाली ठेवीनात. आणि मला भलताच संशय: यांना सगळं कळलंय, माझ्या तोंडून वदवून घ्यायला हे नाटक चाललंय! त्या माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे बघायची, आणि राजवर्धन ताटाकडे बघायचा.

शेवटी आईसाहेबांनी आपल्या भावाला बोलावलं. महिपतराव, आमचे मामासाहेब. करणी वासावरून ओळखतात म्हणे! ते नेमके उगवले माझ्या परीक्षेच्या दिवशी. नकली कातडीवर मी जीव ओतून वाघ काढला होता. तो दुपारी हर्षिताताईंना दाखवायचा आणि त्या "हो" म्हणाल्या तर मला माणसाच्या कातडीला सुई लावता येणार होती.

मामासाहेबांनी भरदिवसा टॉर्च लावून घर पालथं घातलं. कूलरमागची कवटी सापडली. मग त्यांचा मोर्चा माझ्याकडे.

"सूनबाई, जरा हात दाखवा."

नखांत काळी शाई! हातमोजा कुठेतरी फाटला असणार.

"हे काय?"

"काजळ. चिमीचं."

"आणि दुपारी बंद खोलीतून भुंग्यासारखा आवाज येतो, तो कसला?"

मी राजवर्धनकडे पाहिलं. "मुझे कुछ नहीं पता!" तो म्हणाला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं!

मामासाहेबांनी माझं कपाट उघडलं, साड्यांखाली हात घातला आणि मऊ, गव्हाळ, लिबलिबीत असं काहीतरी बाहेर काढलं. मग ते बसक्या आवाजात बहिणीला म्हणाले, "सुमन... कातडी! माणसाची!" आणि खाली बसले.

"जाळा! आधी जाळा!" आईसाहेबांनी अंगणात घमेलं मांडलं, त्यात ती कातडी आणि मिरच्या टाकल्या, रॉकेल ओतलं. "आणि थांबा, त्या पद्माला फोन करते. सगळ्या खानदानासमोर नाक घासायला लावते!"

एका हातात फोन, दुसऱ्या हातात काड्यापेटी. पद्माकाकींची अब्रू जायची वेळ आली होती म्हणून मी बोलले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी ओरडले ते, "माझा वाघ!" असं.

मग सगळं सांगितलं. मशीन आणलं, लिंबू घेतलं, सगळ्यांसमोर नाग काढून दाखवला. चिमी तेवढी टाळ्या वाजवत होती.

आईसाहेबांनी फोन ठेवला. माझ्याकडे न बघता बाही वर सरकवली. दंडावर जुनं, हिरवं, विरलेलं गोंदण.

"लहानपणी मेळ्यात काढलं होतं. मोर सांगितला होता मी. आजवर एकानेही मोर म्हटलं नाही. तुझे सासरे तर लग्नात म्हणाले, कोंबडी छान आहे!" त्यांनी घसा खाकरला. "नीट करता येईल?"

दुपारी आम्ही सगळे पाटणकर बाजारात. ताईंनी वाघ उलटसुलट पाहिला, मिरच्यांचा वास घेतला. नवी सुई काढून माझ्या हातात दिली. "बैठ. मैं बगल में हूँ." माझा हात कापत होता. आईसाहेब पुटपुटल्या, "काप खुशाल. कोंबडीपेक्षा वाईट काय होणार?" आणि हात थांबला!

मोर असा उतरला, की आईसाहेब थंडीतसुद्धा अर्ध्या बाहीत हिंडतात. पद्माकाकींना तर घरी जाऊन दाखवून आल्या. दोनदा!

मामासाहेब मात्र मानायला तयार नाहीत. त्या दिवशीचा नाग त्यांनी गुपचूप खिशातून नेला आणि आपल्या दाराला टांगला. "तुम्ही काही म्हणा, तेव्हापासून माझा गुडघा दुखत नाही!" हे त्यांनी गल्लोगल्ली सांगितलं.

तर बायांनो, रांग लागली आहे. अगदी फाटकापर्यंत! मी कडेवरच्या चिमीला ती दाखवते, हातमोजे चढवते आणि मोठ्या रुबाबात म्हणते, "या, हात पुढे करा." बाई श्रद्धेने हात पुढे करते, मूठ उघडते.

आत लिंबू!