सुम्मा बैस, हात दे

तंजावूरच्या उन्हात माणसं बनियनसुद्धा नाइलाजाने घालतात. आमच्या घरमालकीणबाईंचा गॅस सिलिंडर मात्र बारा महिने स्वेटरात असतो. गळ्याशी बटण, पोटावर दोन पांढरी बदकं. मिक्सरला टोपरं आहे आणि पाण्याच्या फिल्टरला शाल.

हे सगळं अंबूअक्कांचं विणकाम. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं मराठी. मी बँकेच्या बदलीने साताऱ्याहून आलेली त्यांची माडीवरची भाडेकरू. विणकामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या आधीच्या कामाबद्दल. उटीला जाणाऱ्या प्रत्येकाकडून अक्का लोकरीच्या लड्या मागवतात. लडीचा गुंडा करायचा तर समोर कुणालातरी दोन्ही हात पुढे करून ती ताणून धरावी लागते. दारात येईल तो धरतो.

"सुम्मा बैस, हात दे," एवढंच त्या म्हणतात. सुम्मा म्हणजे तमिळमध्ये उगीच, गुपचूप, काही न करता. एकदा मनगटांवर लडी चढली की माणूस कामातून गेला. नाक खाजलं तरी अक्कांना सांगावं लागतं. त्या खाजवतातही. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला एक नवरामुलगा इतका वेळ अडकला की सासुरवाडीहून चौकशीचे फोन सुरू झाले.

शिवाय अक्कांचा एक कायदा आहे: एकाच्या हातावर चढलेली लडी दुसऱ्याच्या हातावर चढत नाही. एकदा गॅसवाल्याने अर्धी लडी माझ्या हातांवर सरकवून पळ काढला. अक्कांनी ती तशीच उतरवली, दोऱ्याने बांधली आणि जपून ठेवली. पुढच्या खेपेला तो सिलिंडर घेऊन आला, तेव्हा आधी लडी पुरी झाली, मग सिलिंडर आत आला.

तयार गुंडे मुरुक्कूच्या, म्हणजे इकडच्या चकलीच्या, रिकाम्या डब्यांत जातात. तेही रंगाप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे.

"हा गॅसवाल्याचा. कसा आवळलाय पाहा, जीव सारा दाराकडे त्याचा. आणि हा तुझा. सैल आहे गे. तूं बोलत बैसतेस."

बोलत मी बसते? मला 'हं' म्हणण्यापुरतीच जागा मिळते. पण भांडणार कोण, हात तर अडकलेले.

चेन्नईच्या मुलाने त्यांना लोकर गुंडाळायचं यंत्र पाठवलं. मूठ फिरवली की झटक्यात गुंडा तयार. मी मनातल्या मनात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पाहते तर यंत्राने झालरीचा झगा घातलेला.

"वापरत का नाही, अक्का?"

"त्याला मराठी येतें का?"

मी पोट धरून हसले. संध्याकाळी त्या फोनवर नातवंडांशी मराठीत बोलत होत्या. पोरांना कळतं सगळं, पण उत्तरं तमिळमध्येच येत होती. त्यांच्या मराठीला मराठीत 'हं' म्हणणारी या घरात मी एकटीच होते. त्यानंतर त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून मी नाक खाजलं तरी सांगायचं टाळू लागले.

मग माझी परत साताऱ्याला बदली झाली. सामान पुढे गेलं, दारात ऑटो आली. नमस्काराला वाकले तर वरून आवाज आला, "सुम्मा बैस, हात दे."

पिस्ता रंगाची लडी होती. त्या दिवशी अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते सहन होईना, म्हणून मीच काहीबाही बोलत राहिले. साताऱ्याच्या थंडीबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. गुंडा हळूहळू मोठा होत होता. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला आणि अक्का मधेच थांबल्या. त्यांनी उरलेली लडी दोऱ्याने बांधली, अलगद माझ्या मनगटांवरून उतरवली आणि गुंड्यासकट डब्यात ठेवली.

"थोडीच राहिलीय अक्का, पुरी करूया ना."

"नको. गाडी चुकेल तुझी." त्या डब्याचं झाकण दाबत होत्या. ते कधीच बसलं होतं. "अर्धी आहे, ध्यानांत ठेव. दुसऱ्या कोणाच्या हातावर मी चढवायची नाहीं."

ऑटोत मी रडले, सरळ सांगते. आणि स्टेशन यायच्या आत दिवाळीचं तंजावूरचं तिकीट काढलं. आईला फोन करून सांगितलं, दिवाळीला मी नाही. काय करणार, कायदा आहे.